तलाठीसाहेब नागराज वाचून राहिले म्हणे!

तुम्ही भंडाऱ्याचे असाल तर एव्हाना कानावर आलंच असेल. नसाल तर जरा जवळ सरका, ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी, ज्यांनी उभ्या नोकरीत सातबाऱ्याखेरीज दुसऱ्या कागदाला मान दिला नाही, लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चतुःसीमा शोधल्या, ते परवा भरदुपारी ओसरीवर नागराज वाचताना सापडले. लपूनछपून नाही, उघड्यावर! शेजारी चहाचा कप, मांडीवर नागराज, आणि चेहऱ्यावर शरमेची एक रेघ नाही.

बातमी चौकातल्या पानठेल्यावर पोचली तेव्हा ठेलेवाल्याचा खर्रा घोटता हात थांबला.

"नागराज? तो सापवाला?"

"तोच."

"अन् सातबारा?"

"सातबारा आता सुनेच्या मोबाइलवर आहे म्हणे."

इथवर ठीक होतं. म्हातारपणी माणूस जरा भरकटतो, असं म्हणून आम्ही पदरात घेतलं असतं. पण अधिक तपास केला तेव्हा कळलं की नागराजच्या खाली मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' होतं, त्याच्याखाली बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा, आणि सगळ्यांच्या तळाशी अच्युत गोडबोल्यांचं ते विटेसारखं 'किमयागार'. साप, पाखरं, खून आणि विज्ञान, सगळं एकाच मांडीवर! एखाद्याला एक नाद असावा, त्याला आपला समाज सांभाळून घेतो. पण चार नाद एकाच वेळी, आणि त्यांची आपसात सोयरीकसुद्धा नाही?

मुळाशी गेलो तर या सगळ्या प्रकाराला जबाबदार निघाला बसस्टँडकडचा एक रद्दीवाला. वरठीच्या कुणा वाचनवेड्या माणसानं बिऱ्हाड हलवलं आणि जाताना सात पोती पुस्तकं रद्दीत घातली. रद्दीवाल्यानं ती किलोच्या भावानं विकायला काढली, पण अट घातली. "निवडायचं नाही जी. गठ्ठा बांधून ठेवला आहे, तसाच उचलायचा." त्याला सुतळी सोडायचा कंटाळा, एवढंच त्यामागचं कारण. पण परिणाम बघा. ज्यांना नातवासाठी चाचा चौधरी हवा होता त्यांना सोबत अर्थशास्त्र उचलावं लागलं. ज्या मॅडम बी.एड.चं मानसशास्त्र शोधत आल्या त्यांच्या पिशवीत अर्नाळकरांचा काळापहाड शिरला. आणि पैसे मोजून आणलेली वस्तू न वापरता ठेवायची नाही, हा आमचा जुना धर्म. लोकांनी वाचायला घेतलं. शेंगा सोलायला बसल्यासारखं एकामागून एक, येईल ते.

तुम्ही म्हणाल, वाचतात तर वाचू द्या की, त्यात एवढी बोंब कशाला? बोंब वाचण्याबद्दल नाहीच मुळी. या गावात वाचनाला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. आमच्या एका चौकाचं नावच मुस्लिम लायब्ररी चौक आहे. रिक्षावाल्याला सांगा, तो डोळे मिटून नेऊन सोडतो. १९६७ च्या कायद्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लागले, तेही आम्ही मुकाट्यानं मान्य केले. मग पुस्तकांनाही वर्ग नकोत? कोण कुणाशेजारी बसतंय याला काही धरबंध नको?

ही बोंब ज्यांनी पहिल्यांदा ठोकली ते आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, खांब तलावाला रोज पहाटे तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत शिक्षणाची अधोगती, दुसरीत राजकारणाची, आणि तिसरी हल्ली तलाठीसाहेबांसाठी राखीव. "ज्या वैनगंगेच्या काठी, आंभोऱ्याला, शके १११० मध्ये मुकुंदराजानं विवेकसिंधू लिहिला, त्या वैनगंगेच्या काठी नागराज!" (अंबाजोगाईचे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं. मुकुंदराज कुणाचा, हा वाद आम्हाला परवडणारा नाही. आंभोरासुद्धा कागदोपत्री नदीपलीकडचं, नागपूर जिल्ह्यातलं.)

गुरुजींची मांडणी ऐकण्यासारखी आहे. धानाच्या जिल्ह्यात आयुष्य गेल्यामुळे ते साहित्य राइस मिलसारखं चाळतात. चरित्रं आणि वैचारिक ग्रंथ म्हणजे चिन्नोर, दाणा बारीक, घमघमाट दूरवर. सामाजिक कादंबरी म्हणजे अखंड तांदूळ. रहस्यकथा ही कनकी. कॉमिक म्हणजे कोंडा. आणि ते पोलीस टाइम्स वगैरे गुन्ह्यांचे अंक म्हणजे निव्वळ तूस. "एकदा वेगळं केलेलं पुन्हा कालवायचं नसते," गुरुजी म्हणाले.

हे त्यांनी नेमकं तुमसरच्या राइस मिलवाल्या शेठजींसमोर म्हटलं, हीच चूक झाली. शेठजी क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, कोंड्यातून तेल निघते नं जी. चिन्नोरातून निघते का? अन् तूस जाळला नाही तर उसन्या तांदळाचा बॉयलर कशावर पेटवू?"

त्या दिवशी गुरुजींनी तिसरी फेरी मारली नाही.

शेठजी बाधित आहेत हे तिथेच उघड झालं. त्यांच्या गठ्ठ्यात गोडबोल्यांचं 'अर्थात' निघालं आणि त्याला चिकटून वीस-बावीस इंद्रजाल कॉमिक्स. ही कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ मध्ये काढली आणि १९९० मध्ये बंद केली, मराठीतही येत. ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक परदेशी, पण त्यांच्या पंगतीत आपला बहादूरही होता, आबिद सुरतींचा, चंबळच्या बाजूचा. शेठजींना मात्र वेताळ भोवला. दिवसा 'अर्थात'मधून महागाई का वाढते ते समजून घेतात, रात्री कवटीच्या गुहेत जातात. तुमसरच्या सोनाराकडे त्यांनी कवटीच्या छापाच्या अंगठीची चौकशी केल्याचं पक्कं कळलं आहे. उधारी बुडवणाऱ्याच्या जबड्यावर उमटवायला. सोनारानं विचारलं, "चांदीची की सोन्याची?" शेठजी म्हणाले, "आधी त्यांची उधारी येऊ दे."

यात हिंदीचाही हात आहे, हे मान्य करायला हवं. आमच्याकडच्या मराठी माणसाची एक भानगड आहे: भजन तो मराठीत करतो आणि खून हिंदीत वाचतो. बालाघाट जिल्हा उंबऱ्याला लागून. त्यात भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. गाडी चुकू नये म्हणून माणूस तासभर आधी पोचणार, आणि गाडी त्याच्याहून निवांत. तेवढ्या वेळात फलाटावर हातात वेदप्रकाश शर्मा किंवा सुरेंद्र मोहन पाठक आले नाहीत तरच नवल. दिल्लीच्या राज कॉमिक्सनं १९८६ मध्ये काढलेला नागराज, त्याच्यामागून आलेले ध्रुव, डोगा हे सगळे याच रुळांवरून आमच्या घरांत उतरले. मराठीतली आघाडी बाबूराव अर्नाळकरांनी सांभाळली, हजारावर पुस्तकं लिहून; पुढे गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. एका माणसानं हजार पुस्तकं लिहायची! आमच्याकडे लोकांना हजार शब्दांचा अर्ज लिहायला वकील लागतो.

आता दुसरं प्रकरण. हळू बोला, खिडकी उघडी आहे.

समोरच्या काकू. हरतालिका, वटसावित्री, मंडईच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांचं जेवणखाण, यांत कधी खंड नाही. एका संध्याकाळी गुरुजींनी त्यांना रद्दीवाल्याला विचारताना ऐकलं, "सत्यकथा आहे का जी? जुनी असली तरी चालते." गुरुजींचे डोळे भरून आले. आपल्या गल्लीत, आपल्या नाकासमोर, एवढी अभिरुची! सत्यकथा म्हणजे मराठी नवसाहित्याचं देवघर. १९८२ मध्ये बंद पडलं, तेव्हा गुरुजी म्हणे दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्या मासिकाचा दरारा एवढा की १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या तरुण मित्रांनी निषेध करायला म्हणून त्याचा अंक जाळला. ज्याला कुणी विचारत नाही ते जाळायला काडी कोण खर्च करतं? गुरुजी लगबगीनं पुढे झाले. "वहिनी, तुम्ही श्री. पु. भागवत, राम पटवर्धनांना मानता?"

काकूंनी डोळे बारीक केले. "हे कोण जी? दोघंही फरार आहेत का?"

काकूंना हवी होती हिंदीतली सत्यकथा, मनोहर कहानियाँची सख्खी बहीण. मुखपृष्ठावर चाकू, आत फोटोसह जबानी. त्या धक्क्यातून गुरुजी अजून सावरलेले नाहीत.

काकूंची मजल आता बरीच पुढे गेली आहे. पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड त्यांना तारखांसकट पाठ. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, पाच पोरं. त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला आणि चौघे १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला फासावर गेले. त्यातल्याच मुनव्वर शाहनं तुरुंगात लिहिलेलं 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' काकूंनी दोनदा वाचलं. तेव्हापासून घरातलं वातावरण बदललं आहे. साखरेच्या डब्याचं झाकण सैल दिसलं की आधी ठसे, मग नातू. जावईबापू दिवाळीला आले, त्यांच्या पिशवीत नायलॉनच्या दोरीचं बंडल होतं, गोठ्यासाठी घेतलेलं. काकूंनी ओवाळलं, ताटात अनारसे वाढले, आणि दोरी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. "जाताना नेजा जी," म्हणाल्या.

ठेल्यावर याच्यावर तीन दिवस हशा चालला. चौथ्या दिवशी काकूंनी तलाठीसाहेबांना विचारलं, "आपल्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीवर कुणी पुस्तक लिहिलं का जी?" लिहिलं आहे. आनंद तेलतुंबड्यांनी, इंग्रजीत, २००८ मध्ये. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी तिथे एका दलित घरातली चार माणसं मारली गेली. तलाठीसाहेबांनी ते मिळवलं आणि चार संध्याकाळी ओसरीवर बसून काकूंना मराठीत अर्थ सांगत वाचलं. काकूंनी एकदाही मधे 'खुनी कोण' असं विचारलं नाही. पुण्याचे खून आपण कोडं म्हणून वाचू शकतो. आपल्या बसच्या रस्त्यावरच्या गावाचे तसे वाचता येत नाहीत. तिथे कोडं नसतंच, आणि त्या संध्याकाळी आपण काय करत होतो ते आठवत बसावं लागतं. यावर मला चटकदार काही सुचत नाही, आणि ठेल्यावरही कुणाला सुचलं नाही.

पाचव्या संध्याकाळी काकूंनी चांदोबा घेतला. विक्रम आणि वेताळ. म्हणाल्या, "आता थोडे दिवस भुतंच बरी."

तलाठीसाहेबांबद्दल मात्र बोलायचं राहिलंच. ते असे कसे बिघडले, याचा छडा सुनेनं लावला. जिल्हा १ मे १९९९ ला फुटला त्याआधी नवेगावबांध आमच्याच जिल्ह्यात होतं, आणि साहेब तरुणपणी काही काळ त्या भागात होते. त्यांच्या लेखी तो एक मोठा पाण्याचा तुकडा, अमुक क्षेत्र, बिनआकारी. त्याच पाण्याच्या काठी चितमपल्ली वनखात्याची नोकरी करता करता माधवराव पाटील डोंगरवारांकडून जंगल वाचायला शिकत होते, कोळ्यांकडून, गोंडांकडून पाखरांची नावं गोळा करत होते. त्यातून पुस्तकं झाली, पक्षिकोश झाला, २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं. आमचे साहेब त्याच पाण्याच्या नोंदी ठेवत होते आणि त्यांना एक पाखरू दिसलं नव्हतं! १८ जून २०२५ ला चितमपल्ली गेले तेव्हा पेपरात सगळं छापून आलं, आणि साहेब दिवसभर गप्प होते. मग म्हणाले, "सारस उतरते तिथं, म्हणते. कोणत्या रकान्यात लिहिलं असतं मी?" (जिल्हा वाटून देताना नवेगावबांध गोंदियाला गेलं, ते गेलं. चितमपल्लींवरचा हक्क आम्ही सोडलेला नाही.) आयुष्यभर एकाच नमुन्यात वाचलेला माणूस नमुना सुटला की असा सुटतो. त्याला मग नागराज काय आणि 'किमयागार' काय.

गुरुजींनी हार मानली नव्हती. त्यांनी शास्त्राचा आधार आणला. अमेरिकेत फ्रेड्रिक वर्दम नावाचे मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले, त्यांनी १९५४ मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' लिहून दाखवून दिलं की पोरं गुन्हेगार होतात ती कॉमिक वाचून. बॅटमन-रॉबिनच्या एकत्र राहण्यावरही त्यांनी बोट ठेवलं. तिथल्या सिनेटनं सुनावणी घेतली, घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर नियमावली लादून घेतली. "एवढा मोठा देश हादरला अन् तुम्ही ओसरीवर वाचून राहिले!"

तलाठीसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी उत्तर घेऊन आले. कॅरल टिली नावाच्या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेनं पुढे वर्दमसाहेबांचे मूळ कागद तपासले, २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. पोरांच्या जबान्यांत डॉक्टरांनी सोयीप्रमाणे बदल केले होते. कुणाचं वय बदललं, कुणाचं बोलणं गाळलं, दोघांची कहाणी एकाच्या नावावर घातली.

"फेरफार!" तलाठीसाहेब उभे राहून म्हणाले. आवाज असा की पन्नास वर्षांत त्यांच्या बायकोनं ऐकला नव्हता. "नोटीस नाही, हरकत नाही, सरळ फेरफार! माझ्या सज्ज्यात असतं तर निलंबित झाला असता हा डॉक्टर."

मग जरा बसले, पाणी प्यायले, आणि हळू आवाजात म्हणाले, "अन् गुरुजी, १९५४ म्हणता. त्या साली आपण काय केलं?"

गुरुजींना कळेना. ठेल्यावरही क्षणभर कुणाला कळलं नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती. उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या माणसानं दादरला घर बांधलं ते आधी पुस्तकांसाठी आणि मग स्वतःसाठी. ज्याच्या कपाटात कायदा, अर्थशास्त्र, धर्म, इतिहास, चरित्रं सगळं एकमेकांना खांदा लावून उभं होतं. त्या काळी या देशात त्याच्याइतकं चौफेर वाचलेला माणूस शोधून सापडला नसता. तो आमच्या दारी मतं मागायला आला, आणि आम्ही त्याला पाडलं.

"तिकडं अमेरिका कॉमिकवर चौकशी करून राहिली होती," तलाठीसाहेब म्हणाले, "अन् इकडं आपण पुस्तकवाला परत पाठवला. वाचणाऱ्याची भीती जुनीच आहे जी, गुरुजी."

त्या सकाळी तलावाची एकच फेरी झाली.

पण खरी खमंग बातमी तर पुढेच आहे. दुसऱ्या आठवड्यात तलाठीसाहेबांनी गुरुजींच्या हातात एक मोठं पुस्तक ठेवलं. 'भीमायन', २०११ मध्ये निघालेलं. बाबासाहेबांचं आयुष्य, सगळं चित्रांत. चित्रं काढणारे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम, मध्य प्रदेशातले परधान गोंड कलावंत, म्हणजे आमच्याच रानाच्या सोयऱ्यांतले. त्यांनी कॉमिकच्या चौकटी पाडायला नकार दिला. माणसं डब्यात कोंडायची नाहीत म्हणाले. त्यामुळे पानभर झाडं, मोर, मासे, आगगाडी, आणि त्यांतूनच वाट काढत जाणारी गोष्ट. बोलण्याचे फुगेसुद्धा वेगळे. चांगल्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि जहरी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी.

गुरुजींनी ते पुस्तक तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी फेरीला आले तेव्हा सगळे दबा धरून बसले होते.

"काय मग गुरुजी? कॉमिक कसं वाटलं?"

"कॉमिक नाही ते," गुरुजी ठामपणे म्हणाले. "चरित्रग्रंथ आहे. चित्रं जरा जास्त पडली, एवढंच."

"कोंडा की चिन्नोर?" शेठजींनी विचारलं.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकू तेवढ्यात बोलल्या. त्यांना मंडईचे जुने दिवस आठवत होते, गुरुजी तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाचं काम करायचे. "एका रात्रीत तुम्ही दोन खून करत होता जी. मधात लावणी होत होती, मग एक म्हातारा येऊन दारूबंदी सांगत होता, अन् पहाटे सारे रडत घरी जात होतो. तेव्हा नाही विचारलं कुणी, कोणतं कुणाशेजारी बसलं ते."

गुरुजींनी मफलर सारखा केला. मग अगदी कामाचं काहीतरी विचारावं तसं त्यांनी तलाठीसाहेबांना विचारलं, "त्या व्याम दांपत्यानं आपल्या ह्या ठेल्यावरच्या बोलण्याचा फुगा कसा काढला असता हो? पाखराचा की विंचवाचा?"

तलाठीसाहेब विचार करू लागले. ठेलेवाला खर्रा घोटता घोटता म्हणाला, "दोन्ही नाही जी. पिचकारीचा."

गुरुजी हसले नाहीत. पण त्या संध्याकाळी बसस्टँडकडे त्यांची छत्री दिसली असं तिघांनी सांगितलं आहे. रद्दीवाला म्हणाला, मोठे हिशेबी गिऱ्हाईक. सुतळी सोडून फक्त चरित्रं द्या म्हणत होते. नाही म्हटलं, तेव्हा अडीच किलोचा गठ्ठा तसाच उचलून नेला. वर ध्रुव होता.